तारीख रात्री बारालाच बदलते

विमान चुकल्याच्या ज्या कहाण्या आमच्या घरात सांगितल्या जातात, त्यांत सर्वांत वरची कहाणी वाहतूक कोंडीची नाही, हरवलेल्या पासपोर्टचीही नाही. ती तारखेची आहे. माझ्या चुलतमामांचं तिकीट चौदा तारखेचं होतं, वेळ बारा चाळीस. मामा चौदाला दुपारी नीट जेवले, जरा आडवे झाले, देवापुढे सुपारी ठेवून पाच वाजता नाशिकहून निघाले आणि रात्री नऊला सहार विमानतळाच्या दारात उभे राहिले. दारावरच्या जवानाने तिकीट वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला, "काका, ये तो कल रात को गया." विमान सुटून वीस तास झाले होते.

मामांनी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत हिशेब लिहिले. एका पैशाची चूक नाही. मला विचाराल तर दोष पंचांगाचा आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. रात्री बारा चाळीस म्हणजे आपल्या लेखी आजचीच रात्र. पहाट झाली, कोंबडा आरवला की मग उद्या. विमान कंपनीच्या घड्याळाला कोंबड्याशी कर्तव्य नाही. चौदा तारीख, शून्य वाजून चाळीस मिनिटं, म्हणजे तेराच्या रात्री जेवण उरकून घराबाहेर पडायचं. मामांनंतर आमच्या घरी नियम झाला: तिकीट आलं की विमानाची वेळ कालनिर्णयवर लिहायचीच नाही. लिहायचं ते "१३, रात्री ८, घर सोडणे" एवढंच.

आम्ही पार्ल्याला राहतो, पूर्वेला. आंतरराष्ट्रीय विमानतळ रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. त्यामुळे सांगलीपासून नाशिकपर्यंतचा परदेशी निघालेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडे वरणभात खाऊन पुढे जातो. तीस वर्षांत मी इतकी माणसं पोचवली आहेत की विमानात बसण्यापेक्षा विमानापर्यंत जाण्याचा माझा अनुभव दांडगा. तरी या लेखासाठी चार रात्री टर्मिनल दोनच्या निर्गमन दारांसमोर नुसता उभा राहिलो. लोक कशाला घाबरतात ते पाहायचं होतं. उडण्याला कुणी घाबरत नाही. घाबरतात ते आत कुणीतरी काहीतरी विचारेल आणि आपल्याला उत्तर येणार नाही, याला. प्रत्यक्षात तिथली प्रत्येक खिडकी एकच प्रश्न विचारते. तो आधी माहीत असला की निम्मी भीती पार्किंगमध्येच राहते.

पण त्याआधी रात्रीचं गणित. मुंबईहून लांबची विमानं मध्यरात्रीनंतर का सुटतात, हे मला प्रत्येक आत्या-मावशी विचारते. रात्री दोनला उडालेलं विमान साडेनऊ-दहा तासांनी युरोपात उतरतं तेव्हा तिथे सकाळ झालेली असते. तिथली बरीच विमानतळं रात्री विमानं उतरू देत नाहीत, किंवा मोजकीच उतरू देतात. शिवाय सकाळी पोचलं की पुढची अमेरिकेची विमानं मिळतात. आखातातून जाणाऱ्यांचंही तसंच: पहाटे चारला इथून निघा, उजाडताना दुबई, आणि आठ-नऊच्या सुमाराला पुढचं विमान. म्हणजे सगळ्यांची सोय बघून उरलेली वेळ मुंबईच्या वाट्याला आली आहे. परिणाम असा की रात्री अकरा ते दोन या वेळात सगळं जग एकाच दारातून आत जायला बघतं. तीन तास आधी या असं कंपन्या सांगतात. मी म्हाताऱ्या माणसांना साडेतीन सांगतो. चार तास आधी जाण्यात मात्र अर्थ नाही. सामानाची खिडकी उघडलेली नसते आणि बसायला जागा शोधत फिरावं लागतं.

आत वेळेवर पोचलात म्हणजे विमान वेळेवर उडेल असंही नाही. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. त्या एकीवर ८ डिसेंबर २०१८ रोजी चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. असं करणारं शहर जगात विरळा, पण प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की दार लावून मागे सरकलेलं विमान अर्धा तास रांगेत उभं राहू शकतं. मधल्या विमानतळावर तासाभराचं अंतर ठेवून स्वस्त तिकीट शोधणाऱ्या पुतण्यांना हे ऐकवावं. पावसाळ्यात तर आणखी. मिठी नदी या धावपट्टीच्या खालून वाहते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा विमानतळच बंद पडला होता. जून ते सप्टेंबरात कुणाचं तिकीट असेल तर मी आदल्या दिवशीच पार्ल्याला बोलावून घेतो. खिचडी आमच्याकडे, झोप आमच्याकडे.

कुठल्या दारात जायचं हा प्रश्न पूर्वी सोपा होता: परदेश म्हणजे सहार, देशात म्हणजे सांताक्रूझ. फेब्रुवारी २०१४मध्ये नवं टर्मिनल दोन सुरू झालं आणि देशातलीही बरीच विमानं सहारहून सुटू लागली. टॅक्सीवाल्याला नुसतं "डोमेस्टिक" म्हणालात तर तो तुम्हाला टर्मिनल एकला नेईल आणि तुमचं विमान चार-पाच किलोमीटर पलीकडे असेल. आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. तिथल्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तिकिटावर बीओएम अशी तीन अक्षरं असतील तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर खाडीपलीकडे. मधलं अंतर लक्षात घेता ही चूक रिक्षाने दुरुस्त होणारी नाही.

मेट्रो आता टर्मिनल दोनपर्यंत येते. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी, आणि वर्षभराने पार कफ परेडपर्यंत. दुपारच्या विमानाला, हलक्या सामानाला उत्तम. पण ही मेट्रो रात्री झोपते, आणि आपली विमानं तेव्हाच जागी होतात. पुण्याहून येणाऱ्यांना मी फक्त एक सांगतो: घाटाला स्वतंत्र दीड तास द्या. तो लागला नाही तर आमच्याकडे चहा प्या.

आता दार. तिथे उभा असलेला सीआयएसएफचा जवान फक्त दोन गोष्टी बघतो: तिकिटावरचं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावरचं नाव एकच आहे का, आणि तारीख आजची आहे का. बस. त्याला वजनाशी, व्हिसाशी घेणं नाही. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आत प्रवेश नाही. म्हणून निरोप इथेच घ्यायचा, काचेच्या बाहेर. जुन्या सहारला एका माणसाला पोचवायला टेम्पोभर गाव यायचं; हार, पेढे, रडारड. आता वर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, मागचा हॉर्न वाजवतो, आणि निरोपाला मिळतात ती चार मिनिटं. मी गाडी खाली पार्किंगमध्ये लावतो आणि चालत वर येतो. पैसे जातात, पण पाया पडायला वेळ मिळतो.

नावावरून मराठी माणसाची जितकी अडचण होते तितकी क्वचितच कुणाची होत असेल. आपलं मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, तिकीट काढणारा मुलगा ते गाळतो. कुणाचा पासपोर्ट माहेरच्या नावावर, व्हिसा सासरच्या. माझं सांगणं सरळ: तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि अक्षर न् अक्षर उतरवा. घरी काय हाक मारतात ते विसरा. दुसरी चूक जुन्या पासपोर्टची. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असतो, पासपोर्ट मध्येच संपतो. नवा मिळाल्यावर जुन्यातला व्हिसा चालतो, पण दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. मी उभा होतो त्यातल्या दुसऱ्या रात्री एक गृहस्थ खिडकीवरून परत बाहेर आले आणि मुलीला फोनवर सांगत होते, "जुना कपाटात आहे गं, साड्यांच्या खाली." कपाट साताऱ्यात होतं.

आता बॅग. मोठ्या बॅगांचं वजन घरीच करा, चारशे-पाचशे रुपयांचा हुकाचा काटा मिळतो. एकूण वजन किती हे तिकिटावर असतं, पण कुठलीही एक बॅग बत्तीस किलोच्या वर गेली तर ती बहुतेक कंपन्या उचलतच नाहीत, पैसे दिले तरी. मग खिडकीसमोर बॅगा उघडून बसलेली कुटुंबं दिसतात. लोणच्याची बरणी या बॅगेतून त्या बॅगेत, आणि रांगेतले सगळे आपले कपडे बघतात.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझी सांगलीची आत्या नातीकडे न्यूयॉर्कला निघाली. वय शहात्तर, पहिलाच परदेशप्रवास, मध्ये दुबईला विमान बदलायचं. तिची बॅग मी संध्याकाळी पाचला आमच्या दिवाणखान्यात उघडली. ती रुसली, पण उघडू दिली. वर साड्या, खाली फराळ. चिवडा, चकल्या, शेव, शंकरपाळे यांना कुणाची हरकत नव्हती. गोटा खोबऱ्याच्या चार वाट्या निघाल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. कोकणातल्या कित्येक घरांना हे अजून पटत नाही. चिवड्यातल्या तळलेल्या कापांना मात्र पुढे कुणी हटकलं नाही. कापराची डबी निघाली, तीही ज्वालाग्राही. नातवासाठी फुलबाज्यांची दोन पाकिटं निघाली. "अगं, विमानात फटाके?" मी म्हणालो. "फटाके कुठे, फुलबाज्या आहेत," आत्या म्हणाली.

मग अनारसे निघाले. चाळीस अनारसे, पितळी डब्यात, एकेकाच्या अंगाला भरपूर खसखस. मी डबा बाजूला ठेवला. आत्याला वाटलं, मला हवेत.

खसखस ही आपल्याला फोडणीच्या डब्याशेजारची वस्तू. संयुक्त अरब अमिरातीत तिची गणना अफूबरोबर होते. ती जवळ बाळगणं हा तिथे अमली पदार्थांचा गुन्हा ठरू शकतो. सिंगापूरलाही तिला बंदी आहे. दुबईत उतरून राहायचं नाही, नुसतं विमान बदलायचं, तरी जोखीम घेण्यात शहाणपण नाही. गरम मसाल्यातली खसखस, करंजीच्या सारणातली खसखस, सगळ्याला हेच लागू. दरवर्षी दिवाळीला किती डबे आखातावरून जात असतील याचा विचार केला की माझ्या पोटात गोळा येतो. त्याच देशात ट्रामाडोल, कोडीनसारख्या औषधांवरही कडक निर्बंध आहेत. म्हणून सगळ्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सोबत, आणि दोन्ही हातातल्या पिशवीत. मोठी बॅग उशिरा आली तर रक्तदाब तिची वाट बघत नाही.

हातातल्या पिशवीत लोणचं, तूप, गुलाबजाम चालत नाहीत. द्रव किंवा चिकट पदार्थाला शंभर मिलिलिटरची मर्यादा, आणि बरणी अर्धी रिकामी असली तरी बरणीवरचा आकडा मोजतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात पिठांनाही मर्यादा आहे: साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त पूड हातात असेल तर तपासणी होते, अडवलीही जाऊ शकते. तेव्हा भाजणी आणि मेतकूट मोठ्या बॅगेत. पॉवर बँकेचं बरोबर उलटं: ती मोठ्या बॅगेत कधीच नाही, हातातच, आणि शंभर वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत.

पलीकडे उतरल्यावर फराळाचा प्रश्न पुन्हा येतो. अमेरिकेत कढीपत्ता नेता येत नाही, कारण त्यावरून संत्री-लिंबांच्या रोगाची कीड पसरते. घरचा तांदूळ नेता येत नाही, खापरा नावाच्या किडीमुळे. ऑस्ट्रेलिया याहून कडक. पण दोन्हीकडे गोष्ट एकच: खाण्याचं काही आहे का विचारलं तर "हो" म्हणायचं. सांगून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली तर दंड होतो. आत्याकडून मी हे पाच वेळा म्हणवून घेतलं. फूड? येस. स्नॅक्स. स्वीट्स.

तिच्या हातात पाटल्या होत्या. परदेशात घालून जाणार असाल आणि दागिने भारी असतील, तर जाताना इथल्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं, म्हणजे येताना "हे तिकडून आणलं का" हा वाद उरत नाही. आत्याने पाटल्या काढून माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि काचेच्या बांगड्या घातल्या. हाही एक मार्ग.

इमिग्रेशनची भीती सगळ्यात मोठी आणि काम सगळ्यात छोटं. कुठे, कशाला, किती दिवस. मुलाचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापलेलं ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथे संपते. भारतीय पासपोर्टवाल्यांना जाताना फॉर्म भरावा लागायचा, तो जुलै २०१७पासून बंद झाला, तरी अजून लोक पेन शोधताना दिसतात. वरचेवर जाणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशनमध्ये नाव नोंदवावं. मुंबईत ते जानेवारी २०२५मध्ये आलं, पैसे पडत नाहीत, आणि एकदा बोटांचे ठसे दिले की यांत्रिक फाटकातून जाता येतं. डिजियात्रा वेगळी, ती देशांतर्गत प्रवासाची, इथे उपयोगाची नाही. रत्नागिरी-रायगडकडून नोकरीसाठी आखातात निघालेल्या पोरांची गोष्ट निराळी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद असते, आणि ठरावीक अठरा देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी परवानगी लागते. एजंट "व्हिजिटवर जा, मग बघू" म्हणाला तर त्याच्याबरोबर चहाही पिऊ नये. आमच्या आत्यालाही कुणीतरी या ईसीआरची धास्ती घातली होती, कारण तिचं शिक्षण सातवी. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो नियम नाही.

व्हीलचेअरबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. मी पाहिलेल्या चार रात्रींत खुर्चीवर बसलेल्यांपैकी बरीच मंडळी चालू शकत होती. त्यांना खुर्ची नको होती, माणूस हवा होता: जो कुठे वळायचं ते जाणतो, खिडकीवर त्यांच्या वतीने बोलतो, गेटवर नेऊन बसवतो. सोलापूरच्या एक बाई मला म्हणाल्या, "पाय धड आहेत हो माझे. इंग्रजी धड नाही." त्यांना दोष द्यायला माझी जीभ धजावत नाही. पण खुर्च्या मोजक्याच असतात. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून याच विमानतळावर आलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाने आणि पत्नीने खुर्च्या मागितल्या होत्या. एकच मिळाली, तीवर पत्नी बसली, ते चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. वाचले नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला तीस लाखांचा दंड केला. तेव्हा ज्याला गुडघा आहे, दम आहे, त्याने तिकीट काढतानाच खुर्ची नोंदवावी, दोन दिवस आधी फोन करून पक्की करावी, आणि आली नाही तर बसून राहावं, चालू लागू नये. ज्याचा प्रश्न फक्त भाषेचा आहे, त्याच्यासाठी मुलांनी पैसे भरून सोबत करणारा माणूस ठरवावा. ती सेवा विमानतळावर मिळते. किंवा त्याच विमानातला एखादा मराठी विद्यार्थी रांगेत गाठून द्यावा. सप्टेंबर-जानेवारीत ते हमखास असतात, आणि मेतकुटाच्या पुडीवर खूश होतात.

आत्याची खुर्ची खरी होती, दोन्ही गुडघ्यांची. मी तिला कागदावर मराठीत लिहून दिलं होतं: दुबईला बॅग घ्यायची नाही, ती आपोआप पुढे जाते. न्यूयॉर्कला स्वतः घ्यायची. न्यूयॉर्कच्या पुढे आणखी विमान असतं तरी अमेरिकेत पहिल्यांदा उतरतो तिथे साधारणपणे बॅग उचलून कस्टम्समधून पुन्हा द्यावी लागते. उलट येताना मुंबईला उतरून पुढे नागपूर-गोव्याला जाणाऱ्यांनाही तेच. अबूधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांचा प्रकार गमतीचा: अमेरिकेचं इमिग्रेशन अबूधाबीतच उरकतं, तिकडे उतरल्यावर माणूस सरळ बाहेर पडतो, आणि घ्यायला निघालेला मुलगा अजून रस्त्यातच असतो.

टर्मिनल दोनच्या भिंतींवर तीन किलोमीटर लांबीचं कलादालन आहे. राजीव सेठी यांनी देशभरातल्या हजारो वस्तू तिथे मांडल्या, वर मोराच्या पिसाऱ्यासारखं पांढरं छत. पाहणारा माणूस मी अजून पाहिला नाही. सगळे गेटचा आकडा शोधत असतात.

आत्याचं विमान पहाटे सव्वाचारचं. पाऊण वाजता मी तिला काचेपाशी सोडलं. खुर्ची ढकलणारा मुलगा परभणीचा निघाला, आत्याने दारातच त्याच्या आईची चौकशी केली. काचेतून ती दिसेनाशी झाली तरी मी थांबलो. सुरक्षा तपासणी होऊन फोन येईपर्यंत जायचं नाही, हाही घरचा नियम, कारण काही राहिलं तर द्यायला माणूस बाहेर हवा. अडीचला फोन आला. "पोचले रे गेटशी. इथे चहा केवढ्याला आहे माहीत आहे का तुला?" मग जरा थांबून म्हणाली, "आज तारीख काय धरायची?"

तारीख सांगितली. पार्किंगमध्ये उतरलो, गाडीची डिकी उघडली. घरी बाजूला ठेवलेला अनारशांचा डबा तिथे निघाला, आत्याने साडीच्या चौकोनी तुकड्यात गुंडाळलेला. घरी आलो तेव्हा बायको जागी होती. तिने चहा टाकला, आणि साडेतीनच्या सुमारास आम्ही दोघांनी त्यातले सहा संपवले.